वावडं सिद्ध करायचं तर

बंगळूर आणि म्हैसूर भागातल्या प्रौढांची केलेली एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. युरोप्रिव्हॉल नावाच्या, अनेक देशांत चाललेल्या अन्न-ॲलर्जीच्या मोठ्या अभ्यासाचा तो भारतातला भाग होता. चोवीस खाद्यपदार्थांपैकी कशाविरुद्ध लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत हे त्यात तपासलं, आणि काय खाल्ल्यावर कधी, कसा त्रास झाला हेही विचारलं. रक्तात किमान एका पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं सापडलेले लोक निघाले २६.५ टक्के. पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतो आणि त्याच पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडंही आहेत, असं दोन्ही जुळलेले लोक होते फक्त १.२ टक्के.

म्हणजे शंभरातले पंचवीस जण असे, की ज्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे आणि ज्यांना काहीही झालेलं नाही. ते दूध पितात, सफरचंद खातात, डब्यातली उसळ संपवतात. उद्या अंगाला खाज सुटली म्हणून, किंवा पोट साफ होत नाही म्हणून, त्यांच्यातल्या कोणी ‘ॲलर्जी पॅनेल’ करून घेतलं, तर मात्र हातात एक यादी येईल. अमुक पदार्थापुढे ‘मध्यम’, तमुकापुढे ‘तीव्र’. आपल्याकडच्या लॅबच्या दरपत्रकात तर व्हेज पॅनेल वेगळं आणि नॉनव्हेज पॅनेल वेगळं असतं. दोन-तीन पानांचा तो कागद फ्रिजवर चिकटवला जातो आणि घरातल्या स्वयंपाकाचं राज्य त्याच्या हाती जातं.

हे पुस्तक त्या कागदाविषयी आहे. कागद खोटा असतो असं माझं म्हणणं नाही. बहुतेक वेळा मोजमाप अगदी अचूक असतं. प्रश्न असा, की मोजलं काय आणि त्यावरून ठरवलं काय. अन्नाच्या आणि औषधांच्या ॲलर्जीच्या जवळजवळ सगळ्या चाचण्या शरीराची ‘तयारी’ मोजतात; त्रास होतो की नाही हे त्या सांगत नाहीत. ते सांगते रुग्णाची हकिकत, आणि शंका उरलीच तर तो पदार्थ किंवा ते औषध देखरेखीखाली देऊन पाहणं. मधल्या सगळ्या चाचण्या हकिकतीतून उठलेल्या एखाद्या नेमक्या प्रश्नाला ‘हो, शक्य आहे’ किंवा ‘बहुधा नाही’ एवढंच उत्तर देतात. प्रश्नच विचारला नसेल तर त्यांचं उत्तर निरर्थक ठरतं. पुढची सगळी प्रकरणं या एकाच गोष्टीचा विस्तार आहेत, त्यामुळे ज्याला घाई आहे त्याने इथेच थांबलं तरी माझी तक्रार नाही.

ही तयारी म्हणजे काय, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. १९२१ साली ब्रेस्लाउ शहरात (तेव्हाचं जर्मनी, आज ते पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ म्हणून ओळखलं जातं) कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. क्युस्टनरला शिजवलेले मासे सोसत नसत. खाल्ले की अंगावर पित्त उठायचं, श्वास लागायचा. प्राउस्निट्झला माशांचा काहीच त्रास नव्हता. त्यांनी क्युस्टनरच्या रक्तातला द्रव घेऊन प्राउस्निट्झच्या पोटाच्या कातडीत अगदी थोडासा टोचला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे लाल, खाजरी गांधी उठली. शेजारच्या कातडीला काही झालं नाही.

ॲलर्जी रक्तातून वाहणाऱ्या कशात तरी आहे आणि ती एका माणसाकडून दुसऱ्याच्या कातडीत नेता येते, हे त्या गांधीने सिद्ध केलं. ते ‘काहीतरी’ हाती लागायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि पाठोपाठ स्वीडनमधल्या उप्साला इथे योहान्सन आणि बेनिख यांनी, वेगवेगळ्या वाटांनी एकच प्रतिपिंड शोधून काढलं. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याला आयजीई हे नाव मिळालं. क्युस्टनरचं मासे न सोसणं म्हणजे हेच आयजीई. कातडीतल्या, नाकातल्या, आतड्यातल्या मास्ट पेशींवर ते चिकटून बसतं. ओळखीचं प्रथिन समोर आलं की पेशी फुटते आणि हिस्टामिन बाहेर पडतं. पित्त उठणं, ओठ सुजणं, उलट्या, दम लागणं, रक्तदाब कोसळणं हे सगळं तिथून.

पण क्युस्टनरच्या गोष्टीतला एक बारकावा सहसा सुटतो. प्राउस्निट्झच्या कातडीत आयजीई पोचलं होतं, तिथे चाचणी जोरदार पॉझिटिव्ह आली, तरी त्या माणसाला माशांची ॲलर्जी नव्हती. चाचणी आणि आजार एकच नव्हेत याचा पहिला पुरावा खुद्द या शाखेच्या पायाभूत प्रयोगातच होता. (दुसऱ्याचं रक्त टोचून कावीळ पसरण्याचा धोका लक्षात आल्यावर ही पद्धत पुढे बंद झाली.)

आज कातडीवर जी चाचणी करतात तिला प्रिक टेस्ट म्हणतात. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, दोन-दोन सेंटिमीटरवर अर्कांचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने कातडी जेमतेम टोचतात. रक्त येता कामा नये. एक थेंब नुसत्या सलाइनचा असतो, एक हिस्टामिनचा. पंधरा-वीस मिनिटांनी उठलेल्या गांधीचा व्यास मोजतात. सलाइनच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. हिस्टामिनच्या जागी काहीच उठलं नाही, तर सगळी चाचणी बाद, कारण कातडी उत्तर द्यायच्या स्थितीतच नाही. बहुतेक वेळा यामागे आदल्या आठवड्यात घेतलेली सेटिरिझिनसारखी गोळी असते. रुग्ण शपथेवर सांगतो की ॲलर्जीचं औषध बंद आहे, आणि सर्दीसाठी घेतलेल्या गोळीत क्लोरफेनिरामिन असतं. म्हणून काय-काय बंद करायचं हे डॉक्टरांना नावानिशी विचारावं, आणि स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नये. मनोविकाराची काही औषधंसुद्धा या चाचणीत अडथळा आणतात.

प्रिक टेस्टचा खरा गुण तिच्या ‘नाही’मध्ये आहे. अन्नाने लगेच होणाऱ्या त्रासाची शंका असताना ही चाचणी निगेटिव्ह आली, तर ती शंका पंचाण्णव टक्क्यांहून अधिक खात्रीने बाजूला ठेवता येते. पॉझिटिव्ह आली तर खात्री निम्म्यावर येते. गांधी जितकी मोठी तितकी त्रास होण्याची शक्यता जास्त. पण त्रास किती गंभीर होईल हे तिच्या आकारावरून ठरत नाही. फळं-भाज्यांच्या बाबतीत बाटलीतले अर्क फसवे निघतात, कारण त्यांतली नाजूक प्रथिनं टिकत नाहीत. तिथे डॉक्टर सरळ ताज्या फळात सुई खुपसतात आणि तीच कातडीला लावतात. दिसायला गावठी, पण पद्धत अगदी शास्त्रशुद्ध.

रक्ताची चाचणी हेच आयजीई नळीत मोजते. तिचा पहिला अवतार १९६७ साली उप्सालातूनच आला, किरणोत्सारी द्रव्य वापरणारा. आताची यंत्रं ते वापरत नाहीत, आणि ०.१ युनिटइतकं बारीक आयजीईही पकडतात. गोळ्या बंद कराव्या लागत नाहीत, अंगभर इसब असलं तरी चालतं, रुग्णाला कसलाही धोका नाही. म्हणूनच ती सर्रास लिहून दिली जाते, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त गैरसमजही तिच्याच वाट्याला येतात. ‘टोटल आयजीई’ नावाचा आकडा तर अन्नाच्या ॲलर्जीचा निकाल लावण्यासाठी जवळपास निरुपयोगी आहे. दमा, इसब, पोटातले जंत, यांपैकी कशानेही तो शेकड्यांत जातो. तरी तो वाढलेला पाहून पथ्य सांगणारे आहेत.

नेमक्या पदार्थाविरुद्धचं आयजीईही का फसवतं, हे कोळंबीच्या उदाहरणावरून चांगलं कळतं. कोळंबी-चिंबोऱ्यांच्या ॲलर्जीला मुख्यतः ट्रोपोमायोसिन हे स्नायूंतलं प्रथिन जबाबदार असतं. त्याचा भाऊबंद शोभेल असा रेणू घरातल्या धुळीतल्या किड्यांत आणि झुरळांतही असतो. मुंबईच्या दमट हवेत गादीतल्या किड्यांमुळे नाक गळणाऱ्या माणसाच्या रक्तात कोळंबीविरुद्धचं आयजीई सापडलं, तर त्याचा कोळंबीशी संबंध असेलच असं नाही. तो आयुष्यभर कोळंबीचं कालवण ओरपत आला असेल, तर त्याने पुढेही ओरपावं.

यावर उपाय म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अख्ख्या पदार्थाऐवजी त्यातलं एकेक प्रथिन वेगळं काढून तपासण्याची पद्धत आली. शेंगदाण्यात डझनाहून अधिक ॲलर्जीकारक प्रथिनं नोंदलेली आहेत. त्यांतलं ‘आरा एच २’ खऱ्या ॲलर्जीशी सगळ्यात घट्ट जोडलेलं. मँचेस्टरमध्ये जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांचा एक अभ्यास २०१० साली आला. आठ वर्षांच्या वयात ज्या मुलांची शेंगदाण्याची चाचणी पॉझिटिव्ह होती, त्यांना डॉक्टरांनी दवाखान्यात शेंगदाणे खायला घातले. खरी ॲलर्जी असलेली निघाली पाचातलं एखादं मूल, सुमारे २२ टक्के. बाकीच्यांना काही झालं नाही. दोन गटांतला फरक सांगण्यात ‘आरा एच २’ सगळ्यांत पुढे होतं.

आणि इथेच आपण त्या चाचणीपाशी येतो जिला सगळे डॉक्टर शेवटचा शब्द मानतात आणि जी करायला फार थोडे तयार असतात: खायला देऊन पाहणं. १९७६ साली अमेरिकेत चार्ल्स मे यांनी दम्याच्या मुलांना संशयित पदार्थ अपारदर्शक कॅप्सुलांतून दिले, म्हणजे कशात काय आहे हे मुलालाही ठाऊक नाही आणि निरीक्षण करणाऱ्यालाही नाही. ही दुहेरी आंधळी पद्धत पुढे मापदंड ठरली. आंधळेपणाची गरज का, तर अपेक्षेनेही पोटात कळ येते, छाती भरून येते, आणि ती कळ खोटी नसते. रोजच्या कामात बहुतेक ठिकाणी उघड पद्धतच चालते. मात्रा प्रथिनाच्या वजनावर ठरतात: ३ मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग १०, ३०, १००, ३००, १,००० आणि शेवटी ३,०००. दोन मात्रांमध्ये किमान वीस मिनिटं. ३ मिलिग्रॅम म्हणजे एका शेंगदाण्याचा अंदाजे शंभरावा हिस्सा. शेवटची मात्रा दहा-बारा दाण्यांची. शेजारी ॲड्रेनलिन भरायच्या तयारीत, शिरेत सुई घालू शकणारा माणूस खोलीत, आणि शेवटच्या घासानंतर दोन तास तरी तिथेच बसून राहायचं. अर्धा दिवस जातो. एवढा वेळ आणि माणसं द्यायची कोणाची तयारी नसते. त्यापेक्षा रक्त काढणं सोपं. घरी मात्र हा प्रयोग कोणीही करू नये.

अन्नाच्या भागात मी एका विषयाला मुद्दाम जास्त पानं दिली आहेत, तो म्हणजे हरभरा. आपली चर्चा बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून उचललेली असते, त्यामुळे शेंगदाणा, अक्रोड, अंडं यांच्यापुढे ती जात नाही. मुंबईतल्या संशोधकांनी २००१ साली हरभऱ्याची ॲलर्जी आंधळ्या पद्धतीने खायला देऊन सिद्ध केली होती. बेसन आपल्याकडे भज्यांत, झुणक्यात, लाडवात, आणि कढीला लावायलाही असतं. तरी पाकिटांवर कोणते ॲलर्जीकारक घटक छापायचे, याची भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची २०२० च्या नियमांतली यादी पाहा: ग्लूटेनयुक्त धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणाहून जास्त सल्फाइट. हरभरा त्यात नाही.

दुसरा देशी विषय वांग्याचा. वांगं खाल्लं की जिभेला खाज येते, घसा खवखवतो, अशी तक्रार घरोघर ऐकू येते. म्हैसूरमध्ये ७४१ लोकांची पाहणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. जवळजवळ दहा टक्के लोकांनी वांग्याने काही ना काही त्रास होतो असं सांगितलं. दोन तासांच्या आत लक्षणं दिसणारे होते १.४ टक्के. वांग्यात मुळातच हिस्टामिन असतं, त्यामुळे आयजीईचा काही संबंध नसतानाही खाज येऊ शकते. अशा माणसाची प्रिक टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून त्याची तक्रार खोटी ठरत नाही, आणि त्याच्या तक्रारीमुळे ॲलर्जीही सिद्ध होत नाही. दूध न पचणं हीसुद्धा अशीच वेगळी वाट. पोट फुगणं आणि जुलाब लॅक्टोज न पचल्याने होतात, त्यासाठी श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी असते. आयजीईशी तिचं देणंघेणं नाही. गव्हाने होणाऱ्या सिलिॲक आजाराची तपासणीही निराळी, आणि ती होईपर्यंत गहू बंद करायचा नसतो, नाहीतर रक्तातली खूण पुसली जाते.

आयजीजी पॅनेलवर मी फार वेळ घालवणार नाही. ‘फूड इन्टॉलरन्स’ या नावाखाली दोनशे-दोनशे पदार्थांच्या याद्या देणारी ही महागडी तपासणी आयजीजी नावाचं वेगळंच प्रतिपिंड मोजते. जो पदार्थ आपण नेमाने खातो त्याविरुद्ध ते तयार होतं. म्हणजे रिपोर्टमधली लाल खूण बहुधा एवढंच सांगते की तुम्ही पोळी खाता. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली ही तपासणी अन्नाच्या त्रासाच्या निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट लिहिलं, पुढे अमेरिका-कॅनडातल्या संघटनांनीही तेच म्हटलं. केस पाठवून ॲलर्जी ओळखणं, विद्युत्-लहरींचं यंत्र हातात देणं, हे तर चाचणी म्हणायच्याही लायकीचं नाही.

‘नुकसान काय, एक पदार्थ नाही खाल्ला तर?’ असं कोणी म्हणेल. नुकसान होतं. गावभरच्या लोकांना ओळख परेडला उभं केलं की कोणीतरी निरपराध पकडला जाणारच, आणि मुलांच्या बाबतीत त्या निरपराधाला बाहेर ठेवल्यानेच पुढे वैर जडू शकतं. इसब असलेल्या, दूध व्यवस्थित पचवणाऱ्या मुलांचं दूध निव्वळ रिपोर्टवरून तोडलं आणि काही महिन्यांनी परत सुरू करताना तीव्र प्रतिक्रिया आली, अशा नोंदी आहेत. याच्या उलट बाजूचा पुरावा लंडनमधून २०१५ साली आला. चार ते अकरा महिन्यांच्या ६४० जोखमीच्या बाळांपैकी निम्म्यांना शेंगदाणा नेमाने दिला, निम्म्यांना टाळायला सांगितला. पाच वर्षांची होईतो टाळणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली होती, खाणाऱ्यांत ३.२ टक्के.

आता औषधं. या भागात माझा सूर थोडा चढला आहे, हे मुद्रितं तपासताना जाणवलं. उतरवावासा वाटला नाही.

आपल्याकडच्या इस्पितळांत केसपेपरवर अँटिबायोटिकच्या इंजेक्शनापुढे ‘ए.एस.टी.’ अशी अक्षरं असतात: संवेदनशीलतेची चाचणी करून मगच द्यावं. सिस्टर कुपी पातळ करतात, हाताच्या कातडीत थोडंसं टोचतात, पेनने भोवती गोल काढतात, थोड्या वेळाने पाहतात. लाल नसेल तर इंजेक्शन. पूर्वी त्रास झाला होता का, कोणत्या औषधाने, किती वेळाने, हे विचारलेलं असतंच असं नाही. एक ग्रॅमची कुपी दहा मिलिलिटरमध्ये विरघळवली तर द्रावणात दर मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम औषध येतं. सेफ्ट्रियाक्सोनसारख्या औषधांच्या कातडीच्या चाचणीसाठी शास्त्रीय शिफारशी याच्या कितीतरी पट पातळ द्रावणाच्या आहेत, कारण दाट द्रावण कोणाच्याही कातडीला चुरचुरतं. शेजारी सलाइनची आणि हिस्टामिनची जागा नसते, म्हणून लाली औषधाची की सुईची हे कळायला मार्ग नाही. अशी लाली आली की चांगलं औषध हातचं जातं. नाही आली तर सगळे निर्धास्त होतात, आणि ते जास्त धोक्याचं. ज्याला पूर्वी कधी त्रास झालेला नाही त्याच्यावर अशी सरसकट चाचणी केल्याने जीव वाचतात याला पुरावा नाही. पेनिसिलिनपूर्वी कातडीची चाचणी सक्तीची करणाऱ्या चीननेही २०२१ साली सेफॅलोस्पोरिन गटासाठी ती सरसकट करू नये असं सांगितलं. आपल्याकडे ती चालू राहते, कारण उद्या काही झालं तर कागदावर ‘ए.एस.टी. निगेटिव्ह’ असं लिहिलेलं हवं असतं. मला यात सिस्टरांचा किंवा तरुण डॉक्टरांचा दोष दिसत नाही. इंजेक्शनानंतर अर्धा तास रुग्णाकडे लक्ष ठेवायला माणूस आणि हाताशी ॲड्रेनलिन, यांची व्यवस्था लावण्यापेक्षा दोन अक्षरं लिहिणं व्यवस्थेला स्वस्त पडतं.

पेनिसिलिनची कहाणी याच्या उलट टोकाची. पाश्चात्त्य इस्पितळांत सुमारे दहा टक्के रुग्णांच्या कागदांवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ लिहिलेली असते. नीट तपासलं तर त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना पेनिसिलिन सोसतं. काहींना लहानपणी विषाणूच्या तापात पुरळ आलं होतं आणि नेमकं तेव्हा अमॉक्सिसिलिन चालू होतं. काहींना नुसती मळमळ झाली होती. काहींना खरी ॲलर्जी होती, पण आयजीई कायम टिकत नाही. दहा वर्षांत साधारण ऐंशी टक्के लोकांची कातडी पेनिसिलिनला ओळखेनाशी होते. शिक्का मात्र पुसला जात नाही. त्याची किंमत दिसते. ब्रिटनमधल्या नोंदींवर आधारित २०१८ च्या एका अभ्यासात असा शिक्का असलेल्या लोकांना एमआरएसए या चिवट जंतूचा धोका ६९ टक्क्यांनी जास्त आढळला, कारण त्यांना दुय्यम, जास्त व्यापक औषधं द्यावी लागतात.

शिक्का पुसण्याची रीत अलीकडे फार सोपी झाली आहे. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०२० साली पेन-फास्ट नावाचा गुणांकाचा ठोकताळा मांडला: त्रास पाच वर्षांच्या आतला आहे का, त्यात श्वास-रक्तदाब कोसळणं, चेहरा-ओठ सुजणं किंवा कातडीची गंभीर प्रतिक्रिया होती का, उपचार लागले होते का. गुण कमी असतील तर कातडीची चाचणी टाळून सरळ तोंडाने पेनिसिलिन देऊन पाहायचं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३८२ जणांवर दोन्ही रीती ताडून पाहिल्या. दोन्हीकडे त्रास झाला तो प्रत्येकी एकाला. म्हणजे शंभर वर्षांचं रसायन आणि सुया ओलांडून आपण परत तीन प्रश्नांपाशी आलो.

सगळ्या औषधांना कातडीची चाचणी लागू पडत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. वेदनाशामक गोळ्यांचंच घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी ज्यांना दमा उसळतो किंवा चेहरा सुजतो, त्यांच्यात बहुतेक वेळा आयजीईचा हात नसतो. शरीरातली एक रासायनिक वाट अडली की दुसरी तुंबून वाहू लागते. रक्तात शोधायला काही नसतंच. तिथे उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी: नाकात मांस वाढलेलं आहे का हे पाहणं, आणि गरज पडली तर देखरेखीखाली दिलेली मात्रा. दातांच्या दवाखान्यात भूल दिल्यावर घेरी आली म्हणून ‘भुलेची ॲलर्जी’ लिहून घेतलेले लोक कितीतरी. भुलेच्या औषधाची खरी ॲलर्जी अतिशय विरळ. सीटी स्कॅनच्या आधी ‘मासे चालतात का’ असं विचारण्याची प्रथाही अशीच. कोळंबीतला दोषी रेणू प्रथिन आहे, आयोडीन नव्हे. त्याचा आणि स्कॅनच्या औषधाचा काही संबंध नाही.

एका जागी काळा डाग उरतो आणि तेच औषध घेतलं की त्याच जागी परत पेटतो, त्या त्रासात मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, को-ट्रायमॉक्झाझोल ही ओळखीची नावं. इथे पट्टी लावून चाचणी करतात आणि ती जुन्या डागावरच लावावी लागते. पाठीवर लावली तर काही दिसत नाही. कारण दोषी पेशी त्या डागातच ठाण मांडून बसलेल्या असतात.

आणि एक सीमारेषा आहे जिच्यापलीकडे देऊन पाहणं हा पर्यायच नाही. तोंडात-डोळ्यांत फोड, कातडी सालीसारखी सुटणं, किंवा ताप, सुजलेल्या गाठी आणि यकृताला इजा: यांपैकी काही झालं असेल तर ते औषध पुन्हा कधीही नाही, थोडंसंसुद्धा नाही. अशा ठिकाणी शहाणपण आधी तपासण्यात असतं. तैवानमध्ये २००४ साली दिसलं, की कार्बामाझेपिनने कातडी सोलवटलेल्या ४४ च्या ४४ रुग्णांत एचएलए-बी*१५:०२ हे जनुकरूप होतं. औषध सोसणाऱ्या १०१ जणांत ते फक्त तिघांत. मग ४,८७७ जणांची आधी तपासणी करून, ते रूप असलेल्यांना दुसरं औषध दिलं, आणि एकालाही तो आजार झाला नाही. एचआयव्हीवरच्या अबॅकॅव्हिर या औषधासाठीही अशी तपासणी २००८ पासून रुळली. संपूर्ण पुस्तकात ही एकच जागा अशी, जिथे रुग्णाची हकिकत घडण्याआधी चाचणी बोलते आणि तिचं ऐकावं लागतं. अपस्माराच्या औषधाची पहिली चिठ्ठी हातात पडेल तेव्हा हे विचारायला विसरू नका.

वाचण्याच्या क्रमाविषयी थोडं. प्रकरणं अनुक्रमाने वाचायची गरज नाही, पण सातवं आधी वाचा. त्यात तीव्र प्रतिक्रियेच्या पहिल्या तासाविषयी लिहिलं आहे: मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनलिन, वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त ०.५, ॲव्हिल आणि स्टिरॉइड नंतर. परदेशात रुग्ण खिशात बाळगतात तशी तयार पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून हे काम कोण करणार हे घरात आणि जवळच्या दवाखान्यात आधी ठरवून ठेवावं लागतं. त्याच प्रकरणात ट्रिप्टेज या रक्ततपासणीविषयी आहे. प्रतिक्रियेनंतर एक ते चार तासांत नमुना घेतला आणि दुसरा सगळं निवळल्यावर, चोवीस तास उलटून गेल्यावर, तर मास्ट पेशी फुटल्या होत्या की नाही हे महिन्यांनंतरही सांगता येतं. अन्नामुळे आलेल्या झटक्यात ती बऱ्याचदा वाढत नाही, औषधाच्या आणि भुलेच्या वेळच्या झटक्यात फार उपयोगी. सांगायला कोणी नसेल तर घरच्यांनी डॉक्टरांना आठवण करून दिली तरी चालेल.

शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता आहे. काय खाल्लं किंवा घेतलं, कंपनीचं नाव, किती, किती वेळाने काय झालं, तेव्हा ताप होता का, व्यायाम किंवा मद्य होतं का, आणखी कोणत्या गोळ्या चालू होत्या, आधी आणि नंतर तोच पदार्थ बिनत्रास खाल्ला होता का, पुरळाचा फोटो कोणत्या तारखेचा. त्याची झेरॉक्स काढून भरा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. लॅबमध्ये जायचं का, आणि गेलं तर नेमक्या कोणत्या एक-दोन नावांसाठी, हे तो वाचल्यावर ठरेल.